हं… सोडा

धिप्पाड माणूस प्लेटला छाती टेकवून उभा होता. हनुवटी वर, खांदे पुढे, दोन्ही हात कमरेवर, सगळं सांगितल्याप्रमाणे. फक्त श्वास रोखायच्या वेळी तो हसायला लागला. एक्स-रेवाल्यांना वाटलं, प्लेट गार लागली असेल. उघड्या छातीला ती लागतेच. कुणी शहारतं, कुणी 'आई गं' म्हणतं, एखाद्याला गुदगुल्याही होत असतील. माणसाच्या कातडीचं काय सांगावं. त्यांनी काचेमागून पुन्हा एकदा नेहमीच्या सपाट आवाजात सांगितलं, "श्वास घ्या. रोखा. हलू नका."

त्या माणसाचे खांदे गदगदा हलले.

"अहो, हलू नका म्हटलं ना."

"सॉरी, सॉरी. पण तुम्ही अगदी त्याच्यासारखं बोलता हो."

"कुणासारखं?"

माणसाने खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि काचेला लावून धरला. पडद्यावर एक तपकिरी कुत्रं बसलं होतं. त्याच्या नाकावर बिस्किट ठेवलेलं. "श्वास घ्या," फोन म्हणाला. कुत्र्याने बिस्किटाकडे बघत डोळे तिरळे केले. "रोखा. हलू नका." कुत्र्याच्या तोंडातून लाळेची तार खाली आली. "हं… सोडा." क्षणात बिस्किट गडप.

"हा कोण नाकात बोलतोय?" एक्स-रेवाल्यांनी विचारलं.

माणसाने फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्याचं हसू आता मावळायला लागलं होतं. "म्हणजे… तुम्हीच की," तो म्हणाला.

हॉस्पिटलात सगळे त्यांना एक्स-रेवाले म्हणत. नाव होतं, पण दारावर पाटी लावायची राहून गेली होती आणि त्यांनीही कधी आठवण केली नव्हती. मुळात बोलण्याचा त्यांना कंटाळा. घरी बायको बोलायची, लेक बोलायची, ते ऐकायचे. कामावर तर त्या चार शब्दांवर दिवस निघायचा. छातीच्या एक्स-रेला माणूस पाठ करून उभा राहतो, त्यामुळे लोकांना त्यांचा चेहरा दिसायचा तो दार उघडताना आणि लावताना. त्यांना मात्र लोकांच्या फासळ्या, हृदय, फुप्फुसं, सगळं दिसायचं. पुष्कळदा रस्त्यात एखादा माणूस समोरून यायचा आणि याची डावी फासळी कधीतरी मोडून सांधली आहे हे त्यांना आठवायचं. माणूस बाजूने निघून जायचा. ओळख द्यायची तरी कशी? इतक्या आत जाऊन आलेल्या माणसाला 'काय, बरं आहे ना' एवढंच विचारणं त्यांना विचित्र वाटे.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बूटही न काढता विचारलं, "माझा आवाज कुत्र्याला लावलाय, हे तुम्हाला ठाऊक आहे का?"

बायको आणि लेक एकमेकींकडे बघू लागल्या. बायको पोस्टात काउंटरवर बसायची; लोकांना वाईट बातमी सावकाश सांगायची तिला सवय होती.

"फक्त कुत्र्याला नाही," ती म्हणाली. "बसा आधी."

लेकीने फोनवर एकेक दाखवायला सुरुवात केली. साहेब ऑफिसात शिरतात: श्वास घ्या, रोखा, हलू नका. साहेब केबिनमध्ये जातात: हं… सोडा. परीक्षेचा निकाल उघडणारी मुलगी. गाडी अरुंद जागेत लावायला शिकणारी आई आणि बाजूला डोळे मिटून बसलेला बाप. जुन्या पँटचं बटण लावणारे एक गृहस्थ. त्यांचं बटण 'सोडा'च्या वेळी थेट कॅमेऱ्यावर आदळत होतं. बायकोला हे शेवटचं फार आवडलेलं दिसलं, कारण ती तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळली.

"मला कुणी विचारलं का?" एक्स-रेवाल्यांनी विचारलं.

"विचारत नाहीत, बाबा."

"का?"

"ट्रेंड आहे."

"म्हणजे काय?"

लेक कॉलेजात समाजशास्त्र शिकत होती. तिने प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणजे सगळे करतात म्हणून सगळे करतात," ती म्हणाली.

"आणि सुरुवात कुणी केली?"

"ते आता कोण शोधणार? कुणीतरी दाराबाहेरून रेकॉर्ड केला असेल. मग त्याच्यावर दुसऱ्याने, मग तिसऱ्याने."

"तुमचे आजोबा म्हणायचे," बायको म्हणाली, "बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंसुद्धा पडून राहतं. तुमची चार शब्दांची माती बघा कशी खपली."

एक्स-रेवाल्यांना हे कौतुक आहे की टोमणा, ते कळलं नाही. त्यांनी बूट काढले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नाकी नऊ आले. रांगेतल्या निम्म्या लोकांना तो आवाज पाठ होता. काही नम्र होते, ते ओठ चावून हसू दाबायचे. पण दाबलेलं हसू पोटात उतरतं आणि पोट हललं की छातीखालचा पडदा हलतो. फिल्म पुसट यायची. पुन्हा घ्यावी लागायची. पुन्हा घ्यायची म्हणजे पुन्हा ते चार शब्द. एक बाई तर "सोडा" ऐकल्याशिवाय श्वासच सोडीना. दुसऱ्या पेशंटची चौकशी करायला नर्स आत आली म्हणून एक्स-रेवाले क्षणभर थांबले, तेवढ्यात बाई लालबुंद.

त्यांनी 'फोन बाहेर ठेवावा' अशी पाटी लावली. फोन बाहेर राहिला, हसू आत आलं.

मग त्यांनी शब्द बदलून पाहिले. "हवा आत घ्या," असं एका आजोबांना सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "खिडकी तरी उघडा मग." "छाती भरून घ्या" म्हटल्यावर एका बाईंनी विचारलं, "कशानं?" "आता थांबा" ऐकून एक तरुण तत्परतेने वळला आणि म्हणाला, "इथं की बाहेर?" शब्दांचा नाद सोडून त्यांनी काचेवर टकटक करायची पद्धत काढली. एकदा टकटक म्हणजे श्वास घ्यायचा, दोनदा म्हणजे रोखायचा. समजावून सांगितलं की लोक माना डोलवत, आणि टकटक झाली की हटकून मागे वळून "कोण आहे?" म्हणत. माणसाचं हे जन्माचं वळण आहे. दार वाजलं की तो बघणारच.

फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. त्या फार कमी चिडत, पण चिडल्या की हळू बोलत.

"ह्या पेशंटला दोन हृदयं आहेत का?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवत हळू विचारलं.

"नाही, मॅडम. एकच आहे. हसत होता."

"आणि ह्याची मान?"

"टकटक ऐकून वळली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "हे बघा, तुमची चूक नाही, मला माहीत आहे. माझा भाचासुद्धा दिवसभर तेच ऐकवतो. पण लोकांना दोनदा-तीनदा किरण द्यायचे म्हणजे थट्टा नाही. काहीतरी केलं पाहिजे."

काहीतरी केलं ते प्रशासकांनी. नव्या मशीनसोबत रेकॉर्ड केलेल्या सूचना येतात, त्या त्यांनी जोडून घेतल्या. आवाज एका बाईंचा होता. मधाळ, शिकवून तयार केलेला. "कृपया दीर्घ श्वास घ्यावा. कृपया काही क्षण श्वास रोखून धरावा. आता आपण श्वास सोडू शकता. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." एक्स-रेवाल्यांनी फक्त बटण दाबायचं. इतकं लांबलचक आदराने सांगितल्यावर दुसऱ्या 'कृपया'पर्यंतच पुष्कळांचा श्वास संपायचा, पण निदान कुणी हसत नव्हतं. फार तर शेवटी एखादा "असू दे, असू दे" म्हणायचा.

काचेमागे ते आता गप्प बसू लागले. खरं तर त्यांना हेच हवं होतं. तरी दिवसाच्या शेवटी घसा कोरडा वाटायचा. बोलून पडते तशी ही कोरड नव्हती. पडून राहिलेल्या नळासारखी होती.

रांगेतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं की जुना आवाज बंद झाला आहे. त्याने हळहळून सगळ्या जगाला कळवलं: 'एक्स-रेवाले काका गेले.' म्हणजे त्या कामावरून गेले. पण आपल्या भाषेत 'गेले' या शब्दाला दोन वाटा फुटतात, आणि अशा ठिकाणी गर्दी नेहमी दुसऱ्या वाटेला होते. संध्याकाळपर्यंत फोनवर काळ्या पडद्यावर मेणबत्ती तेवू लागली. मागे त्यांचाच आवाज: "श्वास घ्या. रोखा. हलू नका. हं… सोडा." खाली लिहिलं होतं, 'काकांनी अखेर सोडला.'

त्यांच्या बहिणीचा फोन आला तो बायकोने घेतला.

"वहिनी, मी हे काय ऐकते?" बहिणीने विचारलं.

"काय ऐकलंस?"

"दादा गेला म्हणे."

"हो, आत्ताच गेले. ब्रेड संपला होता. येतील इतक्यात."

मग बहीण जी रडायला लागली, ती भाऊ ब्रेड घेऊन परत आला, त्याने स्वतः फोन घेतला, 'मी जिवंत आहे' असं दोनदा सांगितलं, तरी थांबेना. "मग मला इतके महिने फोन का नाही केलास?" असं ती आता रडत रडत विचारू लागली होती.

दुसऱ्या दिवशी प्रशासकांनी त्यांना खुर्ची दिली. आजवर ते त्या खोलीत उभेच राहिले होते.

"लोक आम्हाला शिव्या देताहेत," प्रशासक म्हणाले. "म्हणताहेत, हॉस्पिटलने छळून मारलं. तुम्ही जिवंत आहात असं जाहीर करावं म्हणतो."

"करा."

"नुसतं सांगून कोण विश्वास ठेवणार? एक छोटा व्हिडिओ करू. तुम्ही समोर बसून ते वाक्य म्हणा. तुमचं ते."

एक्स-रेवाल्यांनी आयुष्यात प्रथमच ते चार शब्द कुणाच्या तरी डोळ्यांत बघून म्हटले. कॅमेऱ्यासमोर घसा खाकरून, शब्दन् शब्द नीट उच्चारून. तासाभरात प्रतिक्रिया आल्या. 'आवाज जुळत नाही.' 'हॉस्पिटलने भाड्याने माणूस आणलाय.' 'कॉम्प्युटरवर बनवलंय, कान बघा.' एकाने लिहिलं, 'प्रयत्न चांगला आहे, पण खऱ्या काकांची सर नाही.'

लेक हे वाचून हसत सुटली, आणि बापाचा चेहरा बघून थांबली. ते आरशासमोर उभे राहून आपले कान तपासत होते.

आणि मग, जसं आलं तसं, ते सगळं ओसरलं. कुठल्याशा बाईंनी आपल्या पोपटाला रागावताना म्हटलेलं वाक्य लोकांच्या हाती लागलं. साहेब ऑफिसात शिरले की आता ती बाई रागवायची, बटण तुटलं की तीच रागवायची. एक्स-रेवाले काकांचं कुणी नावही घेईना. लिफ्टमध्ये, दुकानात, रांगेत, सगळीकडे पोपट. एक्स-रेवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. ते सकाळी चहाचा कप हातात धरून बसून राहिले.

"काय हो, गप्प गप्प?" बायकोने विचारलं.

"मी नेहमीच गप्प असतो."

"असता. पण हे गप्प वेगळं आहे." तिने पोस्टाची पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि परत आली. "त्या पोपटवाल्या बाईपेक्षा तुमचा आवाज बरा होता," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर काही दिवसांनी एक तिशीतली बाई एक्स-रेला आली. नव्या नोकरीसाठी तब्येतीची तपासणी होती. दार उघडायला एक्स-रेवाले पुढे झाले, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"तुम्ही… गेलात ना?"

"जाऊन आलो," एक्स-रेवाले म्हणाले. त्यांना आता याची सवय झाली होती. "दागिना असेल तर काढून ठेवा. फोन बाहेर."

ती फोन बाकावर ठेवून आली, प्लेटपाशी उभी राहिली. त्यांनी बटण दाबलं. "कृपया दीर्घ श्वास घ्यावा," मधाळ बाई म्हणाल्या. समोरच्या बाईचे खांदे थरथरत होते. एक्स-रेवाल्यांनी ओळखलं, आणखी एक हसणारी. पण काचेतून नीट पाहिलं तर तिचे हात कमरेवर राहत नव्हते. बोटं एकसारखी कापत होती. ते मशीन थांबवून आत गेले.

"बरं वाटत नाही का? बसा."

ती स्टुलावर बसली. जमिनीकडे बघत म्हणाली, "मला तुमची माफी मागायची होती. तुम्ही गेलात असं वाचलं तेव्हा वाटलं, आता मागताही येणार नाही. तुमचा आवाज पहिल्यांदा मी रेकॉर्ड केला होता."

रेकॉर्ड करणाऱ्याला काय काय ऐकवायचं ते एक्स-रेवाल्यांनी एवढे दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"मला मधूनच श्वास लागायचा," ती सांगू लागली. "बसमध्ये, जिन्यात, कुठंही. छाती आवळून यायची. वाटायचं, हा शेवटचाच. म्हणून डॉक्टरांनी इथं पाठवलं होतं. फिल्ममध्ये काहीच निघालं नाही. पण इथं उभी असताना तुम्ही म्हणालात 'श्वास घ्या', आणि मी घेतला. 'रोखा' म्हणालात, रोखला. 'सोडा' म्हणालात आणि सुटला. किती महिन्यांनी सुटला. बाहेर बसून पुढच्या पेशंटच्या वेळी मी दाराशी फोन धरला. रोज सकाळी निघताना ऐकायची."

"मग तो कुत्र्यापर्यंत कसा गेला?"

"भावाला पाठवला होता. त्यालाही कधी कधी त्रास होतो म्हणून." ती ओशाळली. "कुत्रं त्याचंच आहे."

एक्स-रेवाल्यांनी खालचा ओठ वर ओढून मान हलवली. भाऊच तो. करणारच.

"आता तुम्हाला उपयोग होतो का त्याचा?"

"तेच तर," ती म्हणाली. "आता ऐकलं की कुत्रंच डोळ्यांसमोर येतं. हसू येतं, पण श्वास सुटत नाही. लोकांना हसायला गंमत मिळाली आणि माझं औषध गेलं. आणि हे मशीन…" तिने काचेकडे पाहिलं. "ह्या बाईंचं 'कृपया' ऐकलं की जास्तच घाबरायला होतं. इतकं गोड कुणी उगाच बोलत नाही."

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. एक्स-रेवाल्यांना वाटलं, हिला काहीतरी सांगावं. पण त्यांच्याजवळ सांगण्यासारखे चारच शब्द होते, आणि ते आता कुत्र्याचे झाले होते. एवढ्या वर्षांत पाचवा शब्द कधी लागलाच नव्हता. ते भिंतीला टेकून उभे राहिले. पाठ करून उभ्या राहणाऱ्या सगळ्या माणसांना आपण एकच वाक्य सांगत आलो. कोण घाबरलं आहे, कोण घाईत आहे, कोण नुकतं रडून आलं आहे, हे पाठीवरून दिसतं खरं, पण त्याचं काही करायचं असतं हे लक्षात आलं नाही.

"उठा," ते शेवटी म्हणाले. "उभ्या राहा बघू. मशीनचा आवाज बंद ठेवतो. फोन बाहेर आहे ना?"

तिने दोन्ही रिकामे तळवे दाखवले.

त्यांनी तिची हनुवटी किती वर हवी ते खुणेने दाखवलं आणि काचेमागे गेले. फिल्मच्या बटणावर बोट ठेवून तिच्या पाठीकडे नीट पाहिलं. मग बोलले. बोलायला जरा वेळ लागला, मध्ये एकदा अडखळलेही. तिचे खांदे हळूहळू खाली आले, पाठ रुंद झाली, आणि जिथे रोखायचा तिथे तिने श्वास असा रोखला, की बाहेरच्या खोकणाऱ्यालाही क्षणभर थांबावंसं वाटलं असतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्यांना पुन्हा बोलावलं. एक्स-रेवाले धास्तावून गेले. पडद्यावर ती फिल्म होती. फासळ्यांच्या कडा रेखल्यासारख्या, दोन्ही फुप्फुसं काठोकाठ भरलेली.

"इतकी स्वच्छ फिल्म मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ह्या बाईंना सांगितलंत तरी काय?"

"काही विशेष नाही, मॅडम."

"सांगा ना. मशीनमध्ये तेच घालू. सगळ्यांनाच उपयोग होईल."

एक्स-रेवाल्यांनी टेबलावर उपड्या ठेवलेल्या डॉक्टरीणबाईंच्या फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांच्यापुरतं होतं ते," ते म्हणाले. "रांगेतल्या पुढच्याला वेगळं सांगावं लागेल. त्याला बघितल्यावर सुचेल."

ते काय बोलले, हे आम्हाला माहीत आहे. पण इथे लिहिणार नाही. उद्या त्यावर कुणाचं तरी मांजर उडी मारील.